किल्ली कुणाकडे?

आमचा पुतण्या दर महिन्याच्या पगारातून थोडे पैसे बिटकॉइनमध्ये घालतो. का, म्हणून विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "काका, तिथं मॅनेजरच नाही. कुणी खातं गोठवू शकत नाही, कुणी मधेच नियम बदलू शकत नाही." माझी बत्तीस वर्षं बँकेत गेली आणि त्यातली शेवटची काही मॅनेजरच्या खुर्चीत, त्यामुळे हे वाक्य मला जरा लागतं हे खरं :) पण ते असो. मला पडलेला प्रश्न वेगळाच होता. मॅनेजर नाही, हेड ऑफिस नाही, ऑडिटर नाही. मग एखाद्या दिवशी हिशोबच जुळेनासा झाला तर तिथं उठतं कोण, आणि करतं काय?

असे दिवस आलेत. एकदा नाही, बऱ्याचदा. गेले काही महिने मी त्या दिवसांचाच इतिहास वाचत बसलोय. घरी सगळ्यांना वाटतं, म्हातारपणी ह्यांना बिटकॉइनचा नाद लागला. तसं काही नाही. मला नाद आहे तो किल्ल्यांचा. आमच्या शाखेत स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असायच्या, एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे. एकट्याला दार उघडता येत नसे. कुणी रजेवर निघालं की रजिस्टरमध्ये सही करून किल्ली दुसऱ्याच्या हवाली करायची, आणि परत आल्यावर पुन्हा सही करून घ्यायची. त्यामुळे कुठल्याही व्यवस्थेबद्दल वाचताना माझी नजर आधी तिकडेच जाते. किल्ली कुणाकडे? कधी दिली? आणि परत कधी घेतली?

आधी थोडक्यात पाया. सातोशी नाकामोटो हे नाव घेतलेल्या कुणीतरी (एक माणूस की अनेक, हे आजवर नक्की झालेलं नाही) ऑक्टोबर २००८ मध्ये बिटकॉइनचा आराखडा प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ ला पहिलं पान लिहिलं. पान म्हणजे ब्लॉक. साधारण दहा मिनिटांनी एक नवं पान जोडलं जातं, ते जोडणाऱ्याला नवी नाणी मिळतात, आणि अख्ख्या खातेवहीची प्रत जगभरातल्या हजारो संगणकांवर असते. दोन वेगळ्या वह्या तयार झाल्या तर ज्या वहीवर जास्त मेहनत झालेली असेल, म्हणजे ढोबळमानाने जी लांब असेल, ती खरी. नाणी जास्तीत जास्त २ कोटी १० लाख. हा आकडा म्हणजे बिटकॉइनवाल्यांचं सोवळं. त्याला कुणी हात लावायचा नाही.

१५ ऑगस्ट २०१० ला हात लागला. ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये एक व्यवहार होता, त्यात दोन पत्त्यांवर प्रत्येकी ९,२२३ कोटींहून जास्त बिटकॉइन जमा झाले. दोन्ही मिळून सुमारे १८,४४७ कोटी. त्या दिवसापर्यंत जगात निघालेली एकूण नाणी होती जेमतेम ३७ लाख! झालं होतं असं, की दोन प्रचंड रकमांची बेरीज संगणकाच्या खान्यात मावली नाही. जुन्या स्कूटरचा मीटर नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर पुन्हा शून्यावर यायचा ना, तसंच काहीसं. बेरीज उलटून ऋण झाली, आणि "खर्च जमेपेक्षा जास्त नाही ना?" ही तपासणी बिनबोभाट पार पडली. आमच्याकडे असं झालं असतं तर दिवसाचं टॅली होईपर्यंत कुणी घरी गेलं नसतं.

जेफ गार्झिक या प्रोग्रॅमरच्या ते लक्षात आलं. सातोशीने काही तासांतच दुरुस्त प्रोग्रॅम काढला आणि लोकांना विनवलं, की तोवर नवी पानं जोडणं थांबवा. नवा प्रोग्रॅम घेतलेल्यांनी त्या विषारी पानाच्या आधीच्या पानापासून दुसरी वही लिहायला घेतली. दुसऱ्या दिवशी ब्लॉक ७४,६९१ च्या आसपास ही वही आधीच्या वहीच्या पुढे गेली आणि ते १८,४४७ कोटी हवेत विरले. मधल्या काळात ज्यांनी प्रामाणिकपणे पानं जोडली होती त्यांची नाणीही त्याबरोबर गेली.

"कुणीच नियम बदलू शकत नाही" याची ही पहिली परीक्षा. लिहिलेलं पान फाडलं गेलं, तेही एका माणसाच्या सांगण्यावरून. तेव्हा ही मंडळी इतकी थोडी होती आणि एका बिटकॉइनची किंमत इतकी किरकोळ होती (दहा अमेरिकी सेंटसुद्धा नाही), की कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. सातोशी कुणावर सक्ती करू शकत नव्हता, हे मान्य. प्रत्येकाने आपापल्या संगणकावर नवा प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने घेतला. पण घेतला तो कोड वाचून की नाव वाचून? माझ्या अनुभवात शंभरातले नव्व्याण्णव लोक नाव वाचूनच सही करतात.

या प्रसंगानंतर लगेच, त्याच ऑगस्टच्या अखेरीस, सातोशीने प्रोग्रॅममध्ये एक गोष्ट बसवली आणि माझ्या दृष्टीने सगळ्या कथेचा गाभा ती आहे. धोक्याची घंटा. एक गुप्त किल्ली. ती ज्याच्याकडे असेल त्याने संदेश पाठवला की जगातल्या प्रत्येक बिटकॉइनधारकाच्या पडद्यावर तो झळकणार. सुरुवातीच्या रूपात तर ही घंटा नुसती वाजत नसे. काही संदेश आले की बाहेरच्या प्रोग्रॅमांनी पैसे पाठवण्याची वाटच ती बंद करू शके. म्हणजे मॅनेजर नसलेल्या बँकेत एक अदृश्य शटर, आणि त्याची दोरी एका खिशात. आपल्या लोकलमध्ये धोक्याची साखळी प्रत्येक डब्यात असते, कुणीही ओढावी आणि विनाकारण ओढली तर दंड भरावा. इथे साखळी एकच, आणि ओढणाऱ्याला दंड करणारं कुणी नाही. तेव्हाही काहींनी शंका काढलीच, की हे उद्या सरकारच्या हाती लागलं तर? शटरची सोय पुढे काढून टाकली गेली. संदेशाची घंटा मात्र राहिली.

(त्याच २०१० साली सातोशीने गाजावाजा न करता आणखी एक कुंपण घातलं. एक ब्लॉक एक मेगाबाइटपेक्षा मोठा नको, म्हणजे कुणी खोडसाळपणे वही कचऱ्याने भरून टाकणार नाही. स्वसंरक्षणासाठी घातलेलं हे साधं कुंपण. त्यावरून पुढे भाऊबंदकी झाली, ते पुढे येईलच.)

डिसेंबर २०१० मध्ये विकिलीक्सला मोठ्या पेमेंट कंपन्यांनी देणग्या घेणं अशक्य करून टाकलं, तेव्हा बिटकॉइनवाल्यांपैकी अनेकांना स्फुरण चढलं. याच दिवसासाठी तर आपण हे उभारलं! सातोशीने मात्र जाहीर विनंती केली, की कृपा करून इकडे येऊ नका, हे रोप अजून लहान आहे, एवढा प्रकाशझोत त्याला झेपणार नाही. स्वातंत्र्याचं हत्यार घडवणारा माणूस पहिल्याच लढाईत ते म्यानात ठेवा म्हणतो, हे वाचून मी थबकलो. भित्रेपणा म्हणावा की शहाणपण? मला तरी शहाणपण वाटतं, पण विकिलीक्सच्या जागी असतो तर काय वाटलं असतं कोण जाणे. त्याच महिन्यात सातोशीचं जाहीर बोलणं थांबलं. २०११ च्या वसंतात त्याने घंटेची किल्ली गॅव्हिन अँड्रेसन या प्रोग्रॅमरकडे सोपवली आणि तो कायमचा गेला. किल्ली रजिस्टर अर्थातच नव्हतं.

आता माझा सगळ्यात आवडता प्रसंग. मार्च २०१३. फेब्रुवारीत प्रोग्रॅमची ०.८ ही नवी आवृत्ती आली होती. तिच्यात आतला डेटाबेस बदलला होता, बाकी नियम तेच. निदान सगळे तसं समजत होते. ११ मार्चच्या रात्री ब्लॉक २,२५,४३० नेहमीपेक्षा बराच मोठा निघाला. नव्या आवृत्तीने तो निमूट स्वीकारला. जुन्या ०.७ ने नाकारला, कारण तिच्या डेटाबेसमध्ये एका वेळी किती नोंदींना कुलूप लावता येईल याला एक मर्यादा होती. ही मर्यादा कुणी नियम म्हणून लिहिलेली नव्हती, कुणाला तिचा पत्ताच नव्हता! आणि एका क्षणात जगात दोन वह्या झाल्या. दोन्ही प्रामाणिक, दोन्ही आपापल्या मते खऱ्या.

बहुसंख्य ताकद नव्या आवृत्तीकडे होती. सरळ हिशोबाने नवी वही जिंकायला हवी होती, जुन्यांनी निमूट नवा प्रोग्रॅम घ्यायचा. पण रात्रीतून हे होणं कठीण. अनेक व्यापारी, पैसे बदलून देणारे, साधे लोक जुन्यावर होते आणि झोपलेले होते. जागे असलेल्या मोजक्या प्रोग्रॅमरांनी एक बारीक गोष्ट हेरली. जुन्याला नवी वही चालत नाही, पण नव्याला जुनी वही चालते. म्हणजे जुनी वही पुढे गेली तर सगळे आपोआप एकाच वहीवर येतील, झोपलेल्यांना उठवावंही लागणार नाही. फक्त त्यासाठी ताकदवानांनी मागे यायला हवं.

बीटीसी गिल्ड हा तेव्हाचा मोठा गट. त्याच्या चालकाने एकट्याने पारडं फिरवता आलं असतं आणि त्याने ते फिरवलं. जुना प्रोग्रॅम पुन्हा बसवला. तेव्हा प्रत्येक ब्लॉकमागे २५ बिटकॉइन मिळत. नव्या वहीवर त्याच्या गटाने जोडलेल्या पानांची कमाई त्याने डोळ्यांदेखत सोडली. घंटाही त्या रात्री वाजली, ०.८ वर पानं जोडू नका म्हणून. काही तासांत जुनी वही पुढे गेली आणि दुसरीची २४ पानं रद्द झाली. या गोंधळात एका पेमेंट कंपनीला सुमारे दहा हजार डॉलर एकदा एका वहीत मिळाले आणि दुसऱ्या वहीत गायब झाले. एवढाच काय तो बाहेरचा घाव.

मी हा प्रसंग दोनदा वाचला. ज्याने कमाई सोडली त्याचा चांगुलपणा मान्य. पण मॅनेजर म्हणून माझ्या पोटात गोळा आला तो दुसऱ्याच गोष्टीने. एका माणसाच्या होकारावर अख्खं चलन अवलंबून होतं, आणि तो माणूस भला निघाला. उद्या तिथे भला नसेल तर? पुढच्याच वर्षी, जून २०१४ मध्ये, जीहॅश नावाच्या एका गटाकडे एकूण ताकदीच्या निम्म्याहून जास्त वाटा काही काळ आला. लोक घाबरले, गटाने ४० टक्क्यांच्या आत राहण्याचं वचन दिलं. वचन! कागदावर नाही, कायद्यात नाही. पण लोक आपापली यंत्रं काढून दुसरीकडे जाऊ शकत होते आणि जात होते, म्हणून त्या वचनाला काहीतरी वजन आलं.

बिटकॉइनचं सोडून आता जरा इथीरियमकडे येतो, कारण हाच प्रश्न तिथे फार उघडावाघडा पडला. इथीरियम २०१५ सालचं. नाण्याचं नाव ईथर, आणि खासियत अशी की त्यावर नुसते पैसे नाही, करारही प्रोग्रॅम म्हणून लिहिता येतात. एप्रिल २०१६ च्या अखेरीस तिथे 'द डाओ' नावाचा एक सामायिक निधी सुरू झाला. संचालक मंडळ नाही, सभासद मतं देतील तसा पैसा गुंतवायचा. महिन्याभरात सुमारे १५ कोटी डॉलरचे ईथर जमले, जगातल्या एकूण ईथरच्या साधारण १४ टक्के. अटींमध्ये स्पष्ट होतं, की कोड म्हणेल तेच खरं, बाकी वर्णनं फक्त समजुतीसाठी.

१७ जून २०१६ ला कुणीतरी कोडचं म्हणणं शब्दशः घेतलं. पैसे काढून घेताना हा प्रोग्रॅम आधी रक्कम देई आणि मग शिल्लक कमी करी. कॅशियरने आधी नोटा हातात द्याव्या, लेजरला नंतर खर्ची टाकावं, आणि मधल्या क्षणात गिऱ्हाइकाने पुन्हा तीच स्लिप सरकवावी, तसं. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. ३६ लाख ईथर निघून गेले. सुदैवाने करारातच अशी अट होती की बाहेर काढलेला पैसा काही आठवडे हलवता येत नाही. काही सज्जनांनी तर उरलेला पैसा वाचवायला तेच भोक वापरून तो आधीच काढून घेतला. चोराची युक्ती, साव माणसं!

मग सुरू झाली चर्चा. वही मागे फिरवायची का? एक बाजू म्हणाली, हजारोंचे पैसे चोरीला गेलेत, आपल्या हातात उपाय आहे, आणि आपण तत्त्व कुरवाळत बसायचं? दुसरी म्हणाली, कोडच कायदा म्हणून तुम्ही लोकांना बोलावलंत. आज चोरासाठी नियम वाकवाल, उद्या कुणाच्या सांगण्यावरून वाकवाल? सौम्य उपाय म्हणून चोराचे व्यवहार फक्त अडवायचे असंही ठरत होतं, पण त्यात नवाच धोका सापडला. ईथर धरणाऱ्यांचं मत घेतलं गेलं; मत देणाऱ्यांत मोठं बहुमत बदलाच्या बाजूचं होतं, पण मत देणारे मुळात फार थोडे होते. (सोसायटीच्या वार्षिक सभेला जाणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.) २० जुलै २०१६ ला, ब्लॉक १९,२०,००० वर, नियम बदलला आणि पैसे मूळ मालकांना परत मिळण्याची सोय झाली.

पण काही लोक हललेच नाहीत. जुनीच वही त्यांनी चालू ठेवली, चोराच्या ३६ लाखांसकट. तिचं नाव पडलं इथीरियम क्लासिक. आज दोन्ही वह्या चालू आहेत. माझ्या बँकेत ठेवीदारांना एखादा निर्णय पटला नाही तर ते पैसे काढून शेजारच्या बँकेत जात. इथे नाराज माणूस अख्खी बँक उचलून नेतो, मागच्या सगळ्या नोंदींसकट! हे मी आधी कुठे पाहिलं नव्हतं, आणि मला ते मनापासून आवडलं. फक्त त्याचीही किंमत असते. वेगळं निघालेल्यांकडे राखणदार कमी. जानेवारी २०१९ मध्ये आणि मग ऑगस्ट २०२० मध्ये लागोपाठ, कुणीतरी भाड्याने ताकद आणून क्लासिकची वही मागून पुन्हा लिहिली आणि तेच पैसे दोनदा खर्च केले. त्यानंतर, ऑक्टोबर २०२० मध्ये, या तत्त्वनिष्ठ मंडळींनीही एक जास्तीचा नियम बसवला, खूप मागून लिहिलेली वही सहजासहजी स्वीकारायची नाही असा. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

इथीरियमची दुसरी परीक्षा थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी कंपनीच्या सामायिक तिजोऱ्या ज्या एका प्रोग्रॅमवर टेकलेल्या होत्या, तो कुणीतरी चुकून मिटवला. ५ लाख १३ हजारांहून जास्त ईथर आत अडकले. चोरी नाही, पैसे कुणालाच मिळाले नाहीत, आणि कंपनीचा संस्थापक इथीरियमच्याही संस्थापकांपैकी एक. तरी एप्रिल २०१८ च्या मतदानात थोड्या फरकाने नकार आला. ते पैसे सोडवले गेले नाहीत. डाओच्या वेळी ज्यांना हो म्हणताना जड गेलं होतं, त्यांना या वेळी नाही म्हणणं जमलं. ज्यांचे पैसे अडकले त्यांना हा न्याय कसा वाटला असेल, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पहिल्यांदा सवलत मिळालेले मोठ्या संख्येने होते म्हणून?

तर, किल्लीकडे परत. सातोशीची घंटा एव्हाना जुनी झाली होती आणि लोकांना तिची धास्ती वाटू लागली होती. प्रती नक्की कुणाकुणाकडे आहेत याची खात्री देता येत नव्हती. शिवाय किल्ली हाती असलेला माणूस अवाढव्य संदेश पाठवून जुने संगणक बंद पाडू शकेल, अशी भोकंही सापडली होती. बिटकॉइनचा कोड नकलून काढलेल्या काही नाण्यांनी तर ही किल्लीसुद्धा जशीच्या तशी ठेवली होती! म्हणून २०१६ च्या शेवटी ही व्यवस्था निवृत्त करायचं जाहीर झालं. एक शेवटचा संदेश पाठवला गेला: किल्ली फुटली आहे, नवी आवृत्ती घ्या. त्याला क्रमांक दिला शक्य तेवढा सगळ्यात मोठा, म्हणजे त्याच्यावर मात करणारा दुसरा संदेश कुणालाच पाठवता येणार नाही. आणि जुलै २०१८ मध्ये खुद्द गुप्त किल्ली सगळ्या जगासमोर छापून टाकली. ज्याला हवी त्याने घ्या. बत्तीस वर्षांत मी किल्ल्या सोपवल्या, परत घेतल्या, एकदा कुलूपच बदलून घेतलं. पण किल्ली निरुपयोगी करण्यासाठी ती चौकात टांगायची, हे मला सुचलं नसतं.

घंटा गेली आणि अडीच महिन्यांत तिची वेळ आली. दरम्यान त्या एक मेगाबाइटच्या कुंपणावरून १ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइनची वाटणी झाली होती. मोठ्या ब्लॉकवाले बिटकॉइन कॅश घेऊन वेगळे झाले होते, आणि दोन्ही घरांत बोलचाल म्हणजे फक्त शिवीगाळ. १७ सप्टेंबर २०१८ ला बिटकॉइनच्या प्रोग्रॅममध्ये एक खोट सापडली. एकाच व्यवहारात तेच नाणं दोनदा खर्ची टाकता येत होतं, म्हणजे पुन्हा शून्यातून नाणी, पुन्हा २०१०. या खेपेला एका बिटकॉइनची किंमत सहा हजार डॉलरच्या वर होती. प्रोग्रॅमरांनी दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती काढली, पण लोकांना अर्धंच सांगितलं: संगणक बंद पडू शकतो, नवी आवृत्ती घ्या. नाणी बनवता येतात ही मोठी गोष्ट लपवली, पुरेशा लोकांनी दुरुस्ती घेईपर्यंत. २० तारखेला सगळं उघड केलं.

लपवलं ते बरोबर केलं का, यावर बिटकॉइनवाल्यांत आजही दोन तट आहेत. मी लपवलं असतं. ज्याला ही खोट सापडली, तो ऑमनी या टोपणनावाने वावरणारा बिटकॉइन कॅशचा प्रोग्रॅमर होता. वेगळं निघालेल्या घरातला. बिटकॉइनचा भाव कोसळण्यावर पैसे लावून तो गप्प बसू शकला असता. त्याने त्याच दिवशी दोन्ही घरांच्या प्रोग्रॅमरांना कळवलं.